बावीस मिनिटं

आमची लेक अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट आहे. मागच्या मुक्कामात रात्रीची जेवणं आटोपली की ती पेशंटच्या नोंदी पुऱ्या करत बसायची.

तिथे ज्येष्ठांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. थेरपिस्टनं स्वतः समोर राहून व्यायाम करवून घेतला, तेवढीच मिनिटं धरायची. पेशंट एकटाच सायकल मारत बसला, तर ती वेळ बिलात नाही. युनिट 15 मिनिटांचं. पण 8 मिनिटं भरली की एक लावता येतं, 23 भरली की दोन.

त्या दिवशी एका आजोबांची 22 भरली होती.

मी म्हटलं, "एका मिनिटानं काय होतंय? 23 लिही की."

"बाबा, ते मिनिट मी दिलेलंच नाही. आणि पुरवणी विमा नसेल तर बिलाचा पाचवा हिस्सा त्यांच्याच खिशातून जातो."

मी गप्प झालो. मास्तरकीत मीही कुणाचं वर्ष वाचावं म्हणून 34 चे 35 केले होते. त्याचं आजही वाईट वाटत नाही. पण तो गुण मी पोराच्या पदरात टाकला होता. हे मिनिट मात्र म्हाताऱ्याच्या खिशातून काढायचं होतं.

लेकीनं एकच युनिट लिहिलं. मी तिचा चहा गरम करून आणला.