रिपोर्ट नॉर्मल आहे

माझं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, एका हिवाळ्यात 13.1 वरून 7.4 वर आलं. डॉक्टरांनी तो कागद बाहेर बसलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या आईवडिलांना दाखवला आणि म्हणाले, हिच्यासारखं करा. त्याच सुमाराला माझ्या तळपायांची आग व्हायला लागली. इतकी वर्षं शुगर चढी होती तेव्हा पाय गप्प होते, आणि ती ताळ्यावर आल्यावर दुखणं कसं सुरू झालं, हे मी भेटेल त्या डॉक्टरांना विचारत होते. बराच काळ कोणी ते धड ऐकूनसुद्धा घेतलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मला टाइप वन डायबेटिस आहे, अकराव्या वर्षापासून. म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं, गोळ्यांवर भागत नाही आणि गोड खाल्ल्याने तो झालेला नाही. हे सांगून सांगून मी थकले आहे, तेव्हा पुढे जाते. शाळा संपेपर्यंत इचलकरंजीत आई सगळं बघायची. कोल्हापूरला हॉस्टेलवर गेले आणि गणित बिघडलं. मी तेव्हा सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन घ्यायचे. ते घेतलं की ठरलेल्या वेळी ताट समोर यावं लागतं. मेसमध्ये ताट कधी आठला यायचं, कधी साडेनऊला. मध्यरात्री शुगर उतरून घामाघूम होण्यापेक्षा ती थोडी चढी बरी, असं हॉस्टेलवर राहणारी आमच्यासारखी मुलं करतातच. नवीन डॉक्टरांनी मिक्स इन्सुलिन बदलून रात्री एक लांब चालणारं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी एक झटपट काम करणारं सुरू केलं. मी सगळं काटेकोर पाळलं. शुगर भराभर उतरली.

आधी वाटलं, नवी चप्पल चावली असेल. मग बोटांतल्या मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या. दिवसा मुंग्या, संध्याकाळी जळजळ, आणि रात्री मध्येच एखादी सणक अशी यायची की मी झोपेतून उठून बसायचे. सगळ्यात वाईट होती चादर. धुऊन धुऊन पातळ झालेली सुती चादर पायावर आली की सोललेल्या कातडीवर मीठ टाकल्यासारखं व्हायचं. हॉस्टेलच्या न्हाणीघराबाहेरची फरशी कायम ओली असायची. मी रात्री तिथे जाऊन उभी राहायचे. माझ्या रूममेटला वाटायचं मी चोरून फोनवर बोलते.

घरी आले तेव्हा आजीने काशाची वाटी काढली. उन्हाळ्यात पायांची आग झाली की तळव्यांना तूप लावून काशाची वाटी फिरवायची, वाटीखाली काळं आलं की उष्णता निघाली म्हणायचं, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. लहानपणी मी आजीच्या मांडीवर पाय टाकून वाटी फिरवून घेत झोपी जायचे. या वेळी वाटी टेकली आणि मी किंचाळले. आजीने हात मागे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि आईला म्हणाली, "हे साधं न्हाई गं. हिला दवाखान्यात दाखवा." या सगळ्या प्रकरणात माझं दुखणं न तपासता खरं मानणारी ती पहिली.

आमच्या भागात काही मोठं निघालं की मिरज गाठायची. बाबा सायझिंगमध्ये कामाला आहेत, खाडा करून माझ्याबरोबर आले. एका मोठ्या दवाखान्यात नसांची तपासणी करायला सांगितली, ज्याला सगळे एनसीव्ही म्हणतात. एसीच्या गार खोलीत पलंगावर झोपवतात, पायांना जेल लावून चकत्या चिकटवतात, आणि घोट्याशी, गुडघ्यामागे असे विजेचे झटके देतात. झटका बसला की पाऊल आपसूक उडतं आणि पडद्यावर एक रेघ उठते. ज्या पायाला चादर सोसत नाही त्याला हे. मी ओरडले तर तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, लहान पोरं पण गप पडून राहतात." त्याचा मला राग नाही, त्याच्यामागे बाहेर रांग होती.

रिपोर्ट घेऊन आम्ही आत गेलो. मी बसल्या बसल्या मोजे काढून ठेवले होते, पाय बघायला सांगतील म्हणून. डॉक्टरांनी कागद वाचला आणि बाबांना म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे. नसा एकदम छान आहेत." मी विचारलं, "मग एवढं दुखतंय ते?" त्यांनी उत्तर दिलं, तेही बाबांनाच. "घरात काही टेन्शन? अभ्यासाचं? लग्नाचं वगैरे बघताय का?" बाबा म्हणाले, "नाही साहेब, अजून शिकतेय." "शिकू दे की. पण तिचं मन जरा रमेल असं बघा. या वयात मुली फार विचार करतात." बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. मी खाली वाकून मोजे चढवत होते तेव्हा पुढचा पेशंट आत येऊन उभासुद्धा राहिला होता.

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलंच नाही. टाचणी लावून बघितली नाही, गार-गरम कळतं का विचारलं नाही, दुखणं कधी सुरू झालं आणि त्याआधी औषधात काय बदल झाला, हेही नाही. मी टाइप वनची पेशंट आहे हे केसपेपरवर पहिल्याच ओळीत होतं.

बाहेर आल्यावर बाबांनी रसवंतीवर दोन ग्लास सांगितले, मग एकदम आठवून एक परत केला. इतक्या आठवड्यांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. त्यांनी तिथूनच आईला फोन केला, मग काकांना, मग आत्याला. "रिपोर्ट नॉर्मल आला." प्रत्येक फोनला आवाज आणखी हलका होत गेला. वडिलांचा आनंद बघून मला रडू फुटलं, आणि त्यांना वाटलं मलाही सुटल्यासारखं झालंय. त्या डॉक्टरांना मी एक वेळ विसरेन, पण माझ्या बापाला त्यांनी चुकीचा आनंद दिला, ते विसरणार नाही. कारण तिथून पुढे घरात माझं दुखणं माझ्या शब्दावर उरलं, आणि समोर छापील कागद होता. आत्या म्हणायची, रिपोर्ट चांगला आहे, मग कॉलेज का बुडवतेस? आई काही म्हणायची नाही, पण रात्री मी उठले की दिवा लावायची बंद झाली.

ती तपासणी काय बघते हे मला खूप नंतर कळलं. नसांमधले जाड तंतू झटका किती वेगाने आणि किती जोराने पुढे नेतात, एवढंच ती मोजते. जळजळ, चटका, टोचणं, गार-गरम हे सगळं मेंदूकडे नेणारे तंतू अगदी बारीक असतात आणि ते त्या यंत्राला दिसतच नाहीत. म्हणजे जे तंतू दुखत होते त्यांची तपासणी झालीच नव्हती, आणि जे झडती घेऊन सोडले ते मुळात संशयित नव्हते. बारीक तंतू मोजायचे तर कातडीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. "या तपासणीत काही सापडलं नाही, पण ही तपासणी सगळं पकडत नाही" हे वाक्य बोलायला किती वेळ लागतो? दहा सेकंद. तेवढी दहा सेकंद मिळाली असती तर बाबांनी ते फोन केले नसते.

नंतर एका फिजिशियनांनी ड्युलोक्सेटिन लिहून दिलं. खरंतर नसांच्या दुखण्यावर जी औषधं आधी वापरतात त्यातलंच ते एक, म्हणजे निदानाच्या दिशेने पहिलं बरोबर पाऊल. पण मेडिकलवाला ओळखीचा. त्याने काळजीने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "ही डिप्रेशनची गोळी आहे." झालं. जे मिरजेत सूचित केलं होतं त्यावर आता शिक्का बसला. ही गोळी दोन्हीकडे चालते, दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जाताना जी रसायनं त्याला लगाम घालतात त्यांचं प्रमाण ती वाढवते, हे मी घरात सांगत राहिले. डॉक्टर लोकांना माझी विनंती आहे की ही गोळी देताना घरच्यांना समोर बसवून कशासाठी देतोय ते सांगा. आणि कोणाला खरोखरच मनाचा आजार असेल, तर त्याचंही दुखणं खरंच असतं. माझ्या घरात "मनाचं आहे" याचा अर्थ "नाही" असा घेतला गेला, हाही एक अन्यायच.

पुण्यात ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी आधी सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर मांडायला लावले. मग मोजे काढायला सांगितले. ट्यूनिंग फोर्कची गार बाजू पावलावर टेकवली तर मला ती गार लागली नाही, चटका लागला. टाचणीने पाऊल तपासलं, झोपवून आणि उभं करून बीपी बघितलं, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लगेच करायला सांगितली. आणि दोन एचबीएवनसींवर पेन्सिलीने गोल करून मला विचारलं, "हे एवढं किती दिवसांत उतरलं?" मी तीन महिने म्हटल्यावर म्हणाल्या, "बहुधा हेच."

बराच काळ चढी असलेली शुगर फार वेगाने उतरली तर बारीक नसा अशा पेटू शकतात. यात नवीन काही नाही. 1933 साली कॅराव्हाटी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केल्यावर पाय दुखायला लागलेल्या एका बाईची नोंद केली होती. पुढे त्याला इन्सुलिन न्यूरायटिस म्हणत राहिले, पण दोष इन्सुलिनचा असतोच असं नाही, उतरण्याच्या वेगाचा असतो. बोस्टनच्या गिबन्स आणि फ्रीमन या डॉक्टरांनी 2015 मध्ये छापलेल्या अभ्यासात मधुमेही न्यूरोपॅथीच्या, म्हणजे मधुमेहाने नसांना होणाऱ्या इजेच्या, तपासणीसाठी आलेल्या 954 जणांपैकी 104 जणांना हेच निघालं. तीन महिन्यांत एचबीएवनसी चार अंकांपेक्षा जास्त उतरलेल्यांत धोका 80 टक्क्यांच्या वर होता. माझं 5.7 ने उतरलं होतं. तो आकडा वाचला तेव्हा मी बाबांना उठवून दाखवला.

आता खरं सांगायचं तर यानंतर माझा राग मिरजेहून निघून माझी पाठ थोपटणाऱ्या डॉक्टरांकडे वळला. सावकाश उतरवता आलं नसतं? पण त्यांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं. अमेरिका-कॅनडातल्या 1441 टाइप वन पेशंटांवर झालेल्या डीसीसीटी अभ्यासाने 1993 मध्येच दाखवून दिलं आहे की शुगर काटेकोर ठेवली तर न्यूरोपॅथीचा धोका साधारण 60 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे माझ्या पुढच्या चाळीस वर्षांच्या पायांसाठी त्यांनी जे केलं ते बरोबरच होतं, आणि या दोन वर्षांच्या पायांना त्यानेच भाजलं. दोन्ही मला एकाच वेळी मान्य करावं लागतं आणि ते मला नीट जमत नाही. काही रात्री मी सरळ असा विचार केला की शुगर परत चढू द्यावी, तेव्हा तरी दुखत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, असं बरेच जण म्हणतात, पण मागे जायचं नाही, आहे तिथे स्थिर राहायचं, हे बहुतेकांचं हळूहळू ओसरतं.

"बहुधा" हा शब्द मात्र राहिलाच. कातडीची तपासणी आम्ही केली नाही. खर्च होता आणि उपचार त्याने बदलणार नव्हते. कारण कळलं की निम्मं दुखणं जाईल असं मला इतके महिने वाटत होतं. तसं काही झालं नाही. कारण कळलेल्या रात्रीसुद्धा मी ओल्या फरशीवरच उभी होते.

उपयोग झाला तो किरकोळ गोष्टींचा. भावाने घरात पडलेल्या पीव्हीसी पाइपांची एक कमान करून दिली. ती पायांवर ठेवून वरून चादर टाकली की थंडीत पांघरूण मिळतं आणि कातडीला काही लागत नाही. झोपण्याआधी प्रीगाबालिन सुरू झालं. सुरुवातीला त्याची अशी गुंगी यायची की शुगर उतरलेली आहे की गोळीचा अंमल आहे हे कळेना, म्हणून उशाशी ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर ठेवली. पाय कोणत्याही मधुमेह्याने गरम पाण्यात बुडवू नयेत आणि बर्फावरही ठेवू नयेत, कितीही जीव गेला तरी. बधिर आणि जळणारी जागा एकाच पावलावर असू शकते आणि भाजलेलं कळत नाही. आणि मिरज असो की मुंबई, डॉक्टरांनी "नॉर्मल" म्हटलं की विचारा, या तपासणीत काय दिसत नाही?

वर्षभराने ओसरायला लागलं. आता घोट्यापर्यंत नाही, बोटांपुरतं आहे. बंद बूट अजून चालत नाहीत, कमान अजून लागते. एचबीएवनसी 7 च्या आसपास आहे, पण कोणी त्याचं कौतुक केलं की मला आवडत नाही. बाबांनी तो मिरजेचा रिपोर्ट फाइलमधून काढून टाकायला सांगितला होता. मी ठेवला आहे, दोन एचबीएवनसींच्या खाली. नवीन डॉक्टर फाइल उघडतील तेव्हा आधी त्यांना वरचे दोन आकडे दिसावेत.

प्रीगाबालिन एकदम बंद करता येत नाही, हळूहळू कमी करावं लागतं. पुण्याच्या डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे. आई म्हणते, परीक्षा होऊन जाऊ दे. मला या गुंगीत परीक्षा द्यायची नाही, म्हणून सोमवारपासून रात्रीचा डोस कमी करते आहे.