पुस्तिकेविना जुना स्टुडिओ फ्लॅश

तिकोणा पेठ, मावळ



स्टुडिओ फ्लॅशचा खरा धोका त्याच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये असतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४५० व्होल्टला भरला की सुमारे १०० जूल ऊर्जा धरतो, आणि तेवढा झटका माणसाचा जीव घेऊ शकतो. प्लग काढला तरी ती ऊर्जा लगेच जात नाही. टेस्टचे बटण दाबून फ्लॅश उडवला तरी व्होल्टेज फार उतरले की नळीतला झेनॉन विझतो आणि थोडा चार्ज मागे राहतोच. म्हणून पेटी उघडणे हे जाणकार कारागिराचे काम. पेचकस टेकवून चार्ज काढण्याची सवय तर जीवघेणी आहे.

पुस्तिका हरवली तरी पेटीवरची पट्टी व्होल्टेजसकट बरेच सांगते. अमेरिकेतून आलेला फ्लॅश ११०-१२० व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळतो. अर्थिंगची पिन तोडलेली किंवा वायर तडकलेली असेल तर ती आधी बदलावी.

पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर कमजोर होतो, आणि एकदम पूर्ण व्होल्टेज मिळाले तर तो तापून फुटू शकतो. व्हेरिअॅकने व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे हा उत्तम उपाय, पण तोही कारागिराच्या टेबलावर. फ्लॅश फुगलेला दिसला, जळका वास आला किंवा सतत गुणगुणू लागला, तर लगेच भिंतीवरचे बटण बंद करावे.

जनरेटर पॅक आणि हेड वेगळे असतील तर पॅक भरलेला असताना हेडची केबल कधीही काढू किंवा जोडू नये. टोकांमध्ये ठिणगी पडते. नळीला उघडे बोट लावू नये. मॉडेलिंग लॅम्प पट्टीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा बसवला तर होल्डर आणि नळीभोवतालचा भाग भाजतो.

कॅमेरा ज्या जोडणीतून फ्लॅश उडवतो ती सिंक. फिल्मच्या काळातल्या कॅमेऱ्यात सिंक म्हणजे पत्र्याला पत्रा टेकणे, त्यामुळे फ्लॅशने सिंकच्या टोकांवर दोनशे व्होल्ट दिले तरी कोणाचे बिघडत नसे. आता तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. निकॉनचे बरेच डिजिटल कॅमेरे २५० व्होल्ट सोसतात, पण कॅनॉनच्या सुरुवातीच्या काही डिजिटल कॅमेऱ्यांची मर्यादा फक्त ६ व्होल्ट होती. फ्लॅश भरलेला असताना सिंक केबलच्या मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर लावला की आकडा कळतो. मीटर डीसीवर, मोठ्या रेंजला, आणि बोटे धातूपासून दूर. आकडा मोठा निघाला तर केबल वापरूच नये. फ्लॅशमध्ये स्लेव्हचा डोळा, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड टिपणारा सेन्सर, असेल तर कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा, म्हणजे तोच मोठ्याला पेटवतो आणि दोघांमध्ये तार राहत नाही. केबलऐवजी वायरलेस रिसीव्हर लावला तर त्यालाही व्होल्टेजची मर्यादा असते, हे मात्र विसरता कामा नये.

इथे तिकोणा किल्ल्याखालच्या घरांत पावसाळाभर भिंतींना ओल असते. तेव्हा फ्लॅश जमिनीवर न ठेवता कोरड्या कपाटात ठेवावा, बाहेर काढल्यावर बाहेरून नीट पुसून दिवसभर हवेशीर ठेवावा, आणि मगच प्लग लावावा. वापर नसला तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा तासभर चालू ठेवल्यास कपॅसिटर टिकतो.

तुझा,
मामा