गोपुंचा चीन

गोविंद पुरुषोत्तम देशपांडे (१९३८–२०१३) यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अनेक वर्षे आधुनिक चीन शिकवला. चीनच्या आफ्रिकाविषयक धोरणावरच्या ग्रंथाचे ते सहलेखक. तरी मराठीत ‘गोपु’ म्हटले की आठवते ते ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हे नाटक.

त्यांच्या आधी पुण्यात पु. वि. बापट चिनी वाचत होते. पालीतला बौद्ध ग्रंथ ‘विसुद्धिमग्ग’ आणि चिनी भाषांतरातून टिकलेला ‘विमुत्तिमग्ग’ यांची तुलना त्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केली. चिनी शिकायची ती आपलेच हरवलेले ग्रंथ शोधायला, अशी ती परंपरा. चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धानंतर गरज पालटली. शेजारचे आजचे राज्य चालते कसे, हे कळणे निकडीचे झाले. दिल्ली विद्यापीठात १९६४ साली चीनच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. गोपुंची पिढी याच काळातली.

सर्वसाधारण मराठी वाचकाची नजर मात्र फारशी हलली नाही. शाळकरी मुलाला चीन भेटतो तो प्रवासी युआन श्वांगच्या रूपाने, आणि तोही सातव्या शतकात चालुक्य राजा पुलकेशीच्या प्रजेविषयी बरे लिहून गेला म्हणून. चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणारे सोलापूरचे डॉ. कोटणीस लक्षात राहिले तेही आपले म्हणूनच.

‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ वाचताना चीनकडे आपल्यापुरतेच पाहण्याची हीच खोड आड येते. ते १९७४ चे. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती अजून संपलेली नव्हती. तिच्या ऐन भरात शिक्षकांना जाहीर सभांत उभे करून कबुल्या घेतल्या गेल्या होत्या. नाटकातही एका प्राध्यापकाची चौकशी आहे. धागा जुळला असे वाटते, पण तो टिकत नाही. चीनमधल्या शिक्षकांवर आरोप होता पुरेसे क्रांतिकारक नसल्याचा. नाटकातला प्राध्यापक श्रीधर विश्वनाथ चौकशीसमोर येतो तो डावा असल्यामुळे. विद्यापीठ भारतीय, आणि चौकशीची तऱ्हा तर अमेरिकेतल्या मॅकार्थीच्या काळातल्या कम्युनिस्टविरोधी चौकश्यांची आठवण करून देणारी. चीन यात असलाच तर उलटा होऊन आलेला, कदाचित नाहीच.

मग ‘सत्यशोधक’चे काय? गोपुंचे ते नाटक जोतीराव फुल्यांवरचे. २०१२ साली अतुल पेठे यांनी ते पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन रंगभूमीवर आणले. त्यात चीनमधल्या शेतकऱ्यांच्या क्रांतीचा अभ्यासक असलेले गोपु दिसतात की नुसते जोतीराव, हे बघणारा काय वाचून आला आहे त्यावर ठरते. आणि बहुतेकांनी गोपुंचे चीनवरचे लेखन वाचलेले नसते.