नाराची सहल

मुलगी-जावयाकडे आम्ही उभयता ओसाकाला तीन महिने राहिलो. ओला, सुका, बाटल्या असा कचरा वेगळा करून ठरल्या दिवशी बाहेर ठेवणे हे माझे काम. शेजारच्या शाळेत मुले स्वतःच आपला वर्ग झाडतात. झाडू कोणा एका जातीच्या हातात नाही, हे पाहून बरे वाटले.

नोव्हेंबरात मेपलची पाने लाल झाली की इथली कुटुंबे डबे घेऊन ती पाहायला निघतात. आम्हीही पोळी-भाजी बांधून रेल्वेने नाराला गेलो. तिथली हरणे मान लववून कोंड्याची बिस्किटे मागतात. तोदाइजी विहारात सुमारे १५ मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. इ.स. ७५२ मध्ये तिचे नेत्र उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्खूने केला. पत्नीने हात जोडले, तिचे डोळे भरून आले.

बाहेर आल्यावर जावयाने वेगळीच गोष्ट सांगितली. कातडी कमावणाऱ्या, जनावरे कापणाऱ्या बुराकू लोकांना इथेही अस्पृश्य मानत. १८७१ च्या सरकारी हुकुमाने ते कागदावर मुक्त झाले. लग्न-नोकरीतला भेद मात्र उरला. मग याच नारा भागातल्या तरुणांनी पुढाकार घेतला आणि १९२२ साली क्योटोत ‘सुइहेइशा’ स्थापन झाली. सुइहेइ म्हणजे पाण्याची समपातळी. पाचच वर्षांनी, १९२७ साली, आपले महाडचे चवदार तळे!

बंधुभगिनींनो, बुद्धाची एवढी मोठी मूर्ती असलेल्या गावीही माणसाला माणूसपणासाठी लढावे लागले. आपल्या घरातल्या मूर्तीसमोर बसताना हे विसरू नये.