पळीभर तेल

फाल्गुन उतरणीस लागला कीं आमच्या बालाघाटाच्या पठारावर पळसाला फूल येतें, विहिरींचें पाणी तळाला जातें, आणि महाविद्यालयाच्या कचेरींत 'मार्च एंड' नांवाचा सण सुरू होतो. या सणास पंचांगांत स्थान नाहीं. परंतु ज्या निष्ठेनें तो पाळला जातो ती एकादशीच्याही वांट्याला क्वचित् येते. वर्षभर ज्या पत्रांचीं उत्तरें आलीं नाहींत तीं याच पंधरवड्यांत येतात, आणि मंजूर झालेले पैसे वळवाच्या सरीप्रमाणें एकाएकीं कोसळतात. वळवाचें पाणी जमिनींत किती मुरतें, हें बीड जिल्ह्यांतील कोणाही शेतकर्‍यास विचारावें.

कांहीं वर्षांमागें अशीच एक सर आमच्या अंगावर आली. एका सरकारी खात्यानें परदेशांतील एका शिक्षणसंस्थेशीं बोलणें करून खेड्यांतील महाविद्यालयांसाठीं विज्ञानशिक्षणाची एक योजना काढली होती. खात्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हीं अर्ज केला. चाळीस पानें इंग्रजी लिहिलें, आणि तें आम्हांस फार साधलें असें त्या वेळीं वाटलें; इंग्रजी शिकून पदवी घेतलेल्या माणसाची ही एक जुनी खोड आहे, कीं मजकूर इंग्रजींत उतरला म्हणजे काम निम्मे झालें असें तो समजतो. परंतु अर्जांतली मूळ कल्पना खरोखर चांगली होती. आमच्या मुलांनीं येथून आणि तिकडच्या मुलांनीं तेथून, ठरलेल्या एकाच क्षणीं, चंद्राचें छायाचित्र घ्यावें. मागच्या तार्‍यांच्या पडद्यावर चंद्र दोघांनाही किंचित् निराळ्या जागीं दिसतो. तेवढ्या फरकावरून, आणि दोन गांवांमधील अंतरावरून, चंद्र किती दूर आहे तें त्रिकोणमितीनें काढतां येतें. ज्योतिषांत यास लंबन म्हणतात. याची मौज अशी कीं हें काम एका गांवाचें नव्हे. कितीही श्रीमंत महाविद्यालय असलें तरी तें आपल्याच गच्चीवर बसून हा हिशेब करूं शकत नाहीं. दुसर्‍या कोणी तरी दूर, त्याच वेळीं, त्याच चंद्राकडे पाहात असावें लागतें.

पैसे १९ मार्चला आले. ते ३१ मार्चपूर्वीं खर्च व्हावयाचे होते, नाहीं तर परत. दुर्बीण मागविली तर यावयास चार महिने. या अडचणीवर पुरवठादारानें जो तोडगा सांगितला तो नवा नव्हता. बिल मार्चचें, माल मागाहून. कचेरींतील मंडळींनीं तो इतक्या सहजपणें मान्य केला कीं संकोच वाटणें हाच आमचा अडाणीपणा ठरला. मग उपयोगिता प्रमाणपत्र समोर आलें. ज्या कामासाठीं रक्कम मंजूर झाली त्याच कामासाठीं ती खर्च झाली आहे, अशा अर्थाचें तें असतें. आम्हीं सही केली. त्या घटकेस आमची दुर्बीण जहाजावरही चढली नव्हती.

तीस वर्षें आम्ही प्रयोगशाळेंत मुलांना सांगत आलों कीं जें वाचन हातीं आलें तेंच वहींत लिहा. उत्तर जुळविण्यासाठीं आंकडा फिरवूं नका. आंकडा फिरविणार्‍या मुलांचीं जर्नलें आम्हीं परत केलीं आहेत. त्या संध्याकाळीं घरीं येतांना हें आठवलें नाहीं असें सांगितलें तर तें दुसरें प्रमाणपत्र होईल.

श्रावणांत पेटी आली. आठ इंची आरशाची परावर्ती दुर्बीण. डेडस्टॉक रजिस्टरांत तिची नोंद झाली, आणि ती भांडारांत, जुन्या तराजूंच्या शेजारीं, भिंतीला टेकून उभी राहिली. छायाचित्राचा कॅमेरा दुसर्‍या हप्त्यांतून घ्यावयाचा होता. तो हप्ता एका शंकेपायीं अडला. शंका अशी कीं माल जर मार्चमध्यें मिळाला, तर रजिस्टरांत जुलैची तारीख कशी? शंका अगदीं रास्त होती, हेंच दुःख. लेखापरीक्षण होईपर्यंत पेटी फोडूं नये असें ठरलें. परदेशांतील शाळेचीं तीन पत्रें आलीं. पहिलें उत्साहाचें, दुसरें विचारपूस करणारें, तिसरें दोन ओळींचें.

त्या वर्षीं बी. एस्‌सी.च्या दुसर्‍या वर्गांत एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, माणसांची मोजणी हत्याराच्या नांवानें होते. तिनें पेटी पाहिली होती. भाद्रपदांत एके दिवशीं तास संपल्यावर ती दाराशीं थांबली.

"सर, पेटी कवा फोडायची?"

"पुढच्या महिन्यांत बघूं."

"मग मी नसंन, सर. दसरा झाला की टोळी निघतेय. आईचं गुडघं धरलंय, औंदा मला जावं लागंल."

या जिल्ह्यांत वेळेवर पैसे देणारा एकच इसम आहे, आणि तो म्हणजे मुकादम. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधीं, पावसाळ्यांत, घरांत दाणा नसतो तेव्हां, तो कोयत्यामागें उचल देतो. तीस अर्ज लागत नाहीं, उद्दिष्टें व फलनिष्पत्ति लिहावी लागत नाहीं, आणि ती ३१ मार्चला परतही जात नाहीं. ती फडांत, कोपींत राहून, अंगानें फेडावी लागते, आणि फिटली नाहीं तर पुढच्या हंगामावर चढते. मुकादमाची स्तुति करावी असा आमचा हेतु नाहीं. परंतु एका बाजूस नड ओळखून आधीं येणारा पैसा माणसास बांधून घेतो, आणि दुसर्‍या बाजूस मोकळें करण्यासाठीं निघालेला पैसा वेळ टळल्यावर पोंचतो, हें आम्हीं त्या वर्षीं एकाच आठवड्यांत पाहिलें. मुलगी गेली.

रिकाम्या मनास इतिहासाचा आधार बरा वाटतो, म्हणून आम्ही त्या हिवाळ्यांत जुनीं पुस्तकें काढून बसलों. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत नबाब जफरजंग नांवाच्या एका हौशी सरदारानें इंग्लंडांतून पंधरा इंची दुर्बीण आणविली होती. त्याच्या मृत्यूनंतर, १९०८ सालीं, त्याची वेधशाळा सरकारनें आपल्या खर्चानें चालविण्यास घेतली. हीच हैदराबादची निजामिया वेधशाळा. त्या वेळीं जगांतील निरनिराळ्या वेधशाळांनीं आकाश आपसांत वांटून घेऊन तार्‍यांची सूचि करण्याचें काम आरंभिलें होतें. १८८७ सालीं पॅरिस येथें तें ठरलें. चिली देशांतील सांतियागोकडे असलेला दक्षिण आकाशाचा एक पट्टा, १७ ते २३ अंशांचा, हैदराबादकडे आला. चॅटवुड, पोकॉक, आणि त्यांच्यामागून टी. पी. भास्करन् अशा संचालकांच्या हाताखालीं रात्रीमागून रात्रीं कांचेच्या पट्टिकांवर छायाचित्रें घेतलीं गेलीं आणि दिवसा त्यांवरचे ठिपके मोजले गेले. सात लाखांहून अधिक तार्‍यांच्या जागा त्यांतून निघाल्या, आणि खंडामागून खंड छापून पुरे होण्यास कित्येक वर्षें लागलीं. आमच्या पणजोबांनीं भरलेल्या शेतसार्‍यांतील एखादा पैसा त्या पट्टिकांवर खर्च झाला असेल, असें मनांत येऊन आम्हांस उगीच बरें वाटलें. लगेच दुसरें मनांत आलें: ज्या सरकारास सात लाख तारे मोजतां आले, त्याच सरकारच्या राज्यांत आमच्या आजोबांना वरचें शिक्षण मायबोलींत मिळालें नाहीं. पणजोबांनाही कोणी विचारलें नव्हतें. तरीपण एक गोष्ट त्या कामाची घ्यावीशी वाटते. संचालक बदलले, महायुद्ध आलें, वेधशाळा पुढें उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. काम थांबलें नाहीं.

आणि आतां आमच्याच मराठवाड्यांत, हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ, तसेंच पण कितीतरी मोठें काम उभें राहात आहे. गुरुत्वलहरी टिपण्याच्या या वेधशाळेचें नांव लायगो-इंडिया. काटकोनांत दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. त्यांतून लेसरचा किरण जावयाचा, आणि अवकाशांत कोठें तरी दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं कीं त्या भुजांच्या लांबींत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी असा जो फरक पडतो तो मोजावयाचा. अशी लहर प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन यंत्रांना सांपडली; त्या शोधास पुण्याच्या आयुकांतील संजीव धुरंधर यांच्या गणिताचाही हात लागलेला आहे. बातमी फेब्रुवारी २०१६ मध्यें जाहीर झाली, त्याच महिन्यांत आमच्या सरकारनें तत्त्वतः मान्यता दिली, आणि अमेरिकन सरकारच्या विज्ञाननिधीशीं करार झाला. कराराची तारीख वाचकांनीं पाहावी: ३१ मार्च! पूर्ण मान्यता मात्र एप्रिल २०२३ मध्यें मिळाली, २,६०० कोटी रुपयांची. मधल्या वर्षांत काय होत होतें? अमेरिकेनें द्यावयाच्या यंत्राचे भाग, जे मूळ त्यांच्याच हॅनफोर्ड येथील दुसर्‍या यंत्रासाठीं केलेले होते, ते पेट्यांत बांधून ठेवलेले होते. हें वाचून आम्हांस हसूं आलें. हॅनफोर्डच्या पेट्या आणि आमच्या भांडारांतील पेटी यांत कोटींचें अंतर, पण गोत्र एकच. त्याहून विशेष हें कीं औंढ्यास यंत्र हवें कशाला, याचें उत्तर आमच्या चंद्रासारखेंच आहे. दूरदूरच्या ठिकाणांहून एकच लहर टिपली तरच ती आकाशांतल्या कोणत्या बाजूनें आली हें नीट कळतें. तेंही एका गांवाचें काम नव्हे.

यापेक्षां जुना दाखला आम्हांस आमच्याच बाजूचा मिळाला. भास्कराचार्य आपलें गांव विज्जडविड म्हणून सांगतात. तें म्हणजे आमचें बीड, असें इकडे कांहीं अभिमानी लोक सांगतात. चाळीसगांवकडचे लोक आपल्या बाजूस ओढतात, आणि त्यांच्याजवळ पाटणचा शिलालेख आहे, हें कबूल केलें पाहिजे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून पाटण येथें मठ काढला, आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें शके ११२८ मध्यें त्यास दान दिलें. गणिताच्या शाळेस दिलेलें सरकारी अनुदान म्हणून तो लेख वाचावा. संस्कृत संपून शेवटीं जुनी मराठी येते, आणि तेथें हिशेब आहे. पाटणच्या बाजारांत जो माल विकला जाईल त्यावरील राजाचा आय मठास. आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांमागें एकेक पळी तेल.

पळीभर तेल! एवढ्यानें काय होतें असें क्षणभर वाटलें. मग लक्षांत आलें कीं घाणा रोज फिरतो. दानपत्र लिहिणार्‍यास ठाऊक असावें कीं वाचणार्‍याचा दिवा रोज संध्याकाळीं लागतो, वर्षांतून एकदां नव्हे. रक्कम मोठी नव्हती, पण तिला घाण्याची गति होती. आमचे चार लाख मोठे होते आणि बारा दिवसांचे होते. त्या मठांत कोणास प्रवेश होता आणि घाणेवाल्याचा मुलगा तेथें लीलावती शिकला असता काय, हा प्रश्न आम्ही विसरलेलों नाहीं. त्याचें उत्तर आपणांस ठाऊकच आहे. तेलाची व्यवस्था त्यांची घ्यावी, दार आपलें ठेवावें.

मुलगी चैत्रांत परत आली. हात उसाच्या पात्यांनीं चिरलेले, आणि प्रात्यक्षिकाची हजेरी बुडालेली. लेखापरीक्षण झालेलें नव्हतेंच. आम्हीं भांडाराची किल्ली मागून घेतली, शिपायाकडून पहार आणविली, आणि पेटी फोडली. रजिस्टरांत त्या दिवसाची खरी तारीख लिहून खालीं सही केली. आरशाच्या एका कडेस बुरशी धरली होती. बाकी ठीक होतें. दोन दिवस जोडणींत गेले. तिसर्‍या संध्याकाळीं गच्चीवर अष्टमीचा चंद्र लावला. मुलगी बराच वेळ डोळा लावून उभी होती. मागें मुलांची रांग कुरकुरूं लागली तेव्हां बाजूस झाली आणि म्हणाली,

"सर, तिकडून आत्ता कोण बघतंय?"

तिकडून कोणी बघत नव्हतें. आम्हीं त्या रात्रीं परदेशांतील शाळेस पत्र लिहिलें, झालेला सारा प्रकार न लपवितां. उत्तर आलें नाहीं. मुलगी पदवी घेऊन गेली. हल्लीं एका शाळेंत विज्ञान शिकविते, तात्पुरत्या नेमणुकीवर.

यंदा त्याच तर्‍हेची दुसरी योजना मंजूर झाली आहे. पैसे गेल्या मंगळवारीं आले. उपयोगिता प्रमाणपत्राचा कोरा कागद आमच्या टेबलावर आहे, पुरवठादार दोनदां येऊन गेला, आणि मुख्य कारकुनांनीं, ते सज्जन गृहस्थ आहेत, आज तिसर्‍यांदा विचारलें. खर्च न झालेली रक्कम परत जाईल, दुर्बिणीचा कॅमेरा पुन्हां राहील, आणि पुढच्या वर्षीं आमच्या महाविद्यालयाचें नांव यादींत असेल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. सही अजून केलेली नाहीं. आज तारीख २७ आहे.