आधी आकडा, मग चव!

सिगरेट सोडायचीच, असं ठरवून लंडनला आले. व्हेप घेतला आणि पहिल्या मानधनाचा चेक हातात पडताच थेट दुकान गाठलं. कस्टर्ड, बबलगम, कोला, मँगो... मी तर वेडीच झाले! म्हटलं, होऊन जाऊ दे. एकदम आठ बाटल्या उचलल्या.

आठवड्याभरात नशा उतरली. मँगो म्हणजे हापूस नव्हे, चक्क खोकल्याचं औषध! कस्टर्डच्या गोडपणानं कॉइल करपली, नवी घ्यावी लागली. आणि एवढं करून मी पुन्हा कोपऱ्यावर उभी, हातात सिगरेट!

चूक चवीची नव्हतीच. दिवसाला पंधरा ओढणारी मी, आणि बाटल्या घेतल्या ३ मिलिग्रॅम निकोटिनच्या. ते कुठून पुरणार? इथे कायद्याने २० मिलिग्रॅमपर्यंत मिळतं. मग शहाणी झाले. आधी बाटलीवरचा आकडा बघायचा, मग चव. एका वेळी १० मिलिलिटरची एकच बाटली. ती संपेपर्यंत आवडली, तरच पुन्हा तीच. माझं पुदिन्यावर भागलं. सिगरेट सुटली.

आता दिवाळीला पुण्याला जायचंय. भारतात २०१९ पासून ई-सिगरेटवर बंदी, म्हणजे बॅगेत व्हेप नाही. शिवाय आईला यातलं काहीच ठाऊक नाही. म्हणून आकडा उतरवतेय... २०, १०, आणि आता ३. कपाटातल्या त्या बाटल्या अखेर कामाला आल्या. चव अजूनही भयंकर आहे. सोडायला तेवढंच बरं!