चेरी आणि मार्च एंडिंग

मराठी माणूस परदेशी जातो तो आणखी चाळीस मराठी माणसं बरोबर घेऊन जातो. सकाळी उपमा, दुपारी वरणभात, रात्री अंताक्षरी आणि मधल्या वेळात बसच्या खिडकीतून परदेश. यात गैर काहीच नाही. शिवाय चाळीस माणसांत नवराबायकोला एकमेकांशी बोलावं लागत नाही, हा या सहलींचा सर्वांत मोठा फायदा. तो माहितीपत्रकात छापत नाहीत, एवढंच.

त्यामुळे आम्ही दोघंच, कुणाच्याही झेंड्यामागून न चालता, बारा दिवस जपानला जाणार ही बातमी शाखेत फुटली तेव्हा खळबळ माजली. आमचे हेडकॅशियर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बारा दिवस? दोघंच?" त्यांच्या आवाजात जपानची काळजी नव्हती.

प्रश्न तसा रास्त होता. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून आमच्या घरात संभाषणाचे विषय तीनच उरले होते: सिलिंडर, दूधवाला आणि सोसायटीची मीटिंग. एवढ्या भांडवलावर बारा दिवस काढायचे म्हणजे पहिल्या आठवड्यातच ओव्हरड्राफ्ट.

बेत सगळा सौ.चा. तिने त्यासाठी एक दोनशेपानी वही घातली होती आणि पाच वर्षं रिकरिंग भरलं होतं. हिरागानाची शेहेचाळीस अक्षरं तिने स्वयंपाकघरात शिकली. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: साखरेवर 'सातो', मिठावर 'शिओ'. सुट्टीला आलेल्या माझ्या आत्याने स्वतःच्या हाताने चहा केला आणि त्यात दोन चमचे शिओ घातलं, तेव्हा चिठ्ठ्या निघाल्या. अक्षरं मात्र राहिली.

अडचण एकच होती. चेरी फुलते मार्चअखेर. आणि मार्चअखेर बँकेतला माणूस स्वतःच्या लग्नालासुद्धा अर्धा दिवसच जाऊ शकतो. मॅनेजरसाहेबांनी रजेचा अर्ज वाचला आणि 'दोन एप्रिलपासून' असं लाल शाईत लिहून परत केला. गंमत अशी, की जपान्यांचंही आर्थिक वर्ष 31 मार्चलाच संपतं. म्हणजे तिथला कारकूनही त्या आठवड्यात खातेवह्यांत बुडालेलाच असणार. फक्त त्याच्या खिडकीबाहेर चेरी असते आणि आमच्या खिडकीबाहेर झेरॉक्सचं दुकान.

सौ. रोज संध्याकाळी विचारायची, "अहो, थांबतील ना हो फुलं?" जणू फुलांचं खातं आमच्याच शाखेत होतं.

टोकियोत चेरी फुलली असं नुसतं आपल्याला वाटून चालत नाही. यासुकुनी देवळाच्या आवारात हवामान खात्याने नेमून दिलेलं एक झाड आहे. खात्याचा माणूस येऊन त्यावरची फुलं मोजतो. पाच-सहा उमललेली दिसली की 'फुलली' असं जाहीर. ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की 'पूर्ण बहर'. आणि चारच फुलं असली तर? तर माणूस परत जातो. व्हेरिफिकेशनशिवाय वसंतसुद्धा पास होत नाही. हा देश आपल्याला जमेल, असं मला तेव्हाच वाटलं.

शहरांतून दिसणारी बहुतेक झाडं 'सोमेइ-योशिनो' जातीची, आणि ती सगळी कलमं. आपल्या हापूससारखीच. मूळ वाण एकच, म्हणून एका गावातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकदम झडतात. आम्ही उएनोच्या बागेत पोचलो तेव्हा झडती सुरू झाली होती. वाऱ्याची झुळूक आली की हजारो पाकळ्या तिरप्या उडत जायच्या. खाली निळी प्लास्टिकची ताडपत्री पसरून, बूट कडेला ओळीने काढून, ऑफिसंच्या ऑफिसं बसलेली. साहेबलोक संध्याकाळी येतात. जागा धरायला सकाळपासून सर्वांत ज्युनियर माणूस येऊन बसलेला असतो. आपण एस्टीत रुमाल टाकतो, ते माणूस टाकतात. ताडपत्रीच्या कोपऱ्यावर एकटाच बसलेल्या एका तरुणाकडे पाहून मला माझं प्रोबेशन आठवलं.

त्याच बागेत प्राणिसंग्रहालय आहे. युद्धात बॉम्ब पडून जनावरं मोकाट सुटतील या धास्तीने 1943 साली तिथले हत्ती मारून टाकले होते. युद्ध संपल्यावर टोकियोतल्या मुलांनी पंडित नेहरूंकडे हत्ती मागितला आणि 1949 साली नेहरूंनी 'इंदिरा' नावाची हत्तीण पाठवली. ती 1983 पर्यंत तिथे होती. सौ.ने हे सगळं वहीतून वाचून दाखवलं. म्हणजे सिलिंडरच्या जोडीला हत्ती आला. विषय चार झाले.

शिंजुकू स्टेशनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगायचं तर त्यातून बाहेर यावं लागतं. जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन. दारं दोनशेच्या आसपास. दादरच्या पुलावर घडलेला माणूस गर्दीला भीत नाही. पण ही गर्दी धक्का देत नाही. त्यामुळे आपण नेमके कुठे लोटले जायचे ते कळत नाही. सौ. खांबावरची अक्षरं लावत पुढे आणि मी बॅगा घेऊन मागे, असा क्रम पहिल्या दिवशी पडला तो पुढे बारा दिवस टिकला. तिने एकदाही मागे वळून "बरोबर ना हो?" असं विचारलं नाही. घरी सिलिंडर लागला की नाही हे ती मला तीनदा विचारते.

खाण्याचं म्हणाल तर आम्ही शाकाहारी, आणि जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी'. दाशी म्हणजे बहुधा वाळवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. ते सूपात असतं, भाजीत असतं, ज्यात काहीच दिसत नाही त्यातही असतं. शेवटी 'ओनिगिरी' सापडली. भाताचा तिकोनी गोळा, बाहेर समुद्री शेवाळाचा कागद आणि पोटात 'उमेबोशी' नावाचं खारट-आंबट फळ. डोळे मिटून खाल्लं तर दहावीच्या डब्यातला भात आणि लोणचं. त्यावर घरची शेंगदाण्याची चटणी भुरभुरली की दोन्ही देशांचे संबंध दृढ होतात. उरलेला कागद मात्र खिशातच ठेवायचा. तिथे रस्त्यात कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत. 1995 च्या भुयारी रेल्वेतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बरेचसे काढूनच टाकले. सौ.ने पर्समधून घडी केलेली पिशवी काढली. तिच्यात आणखी एक होती. तिच्यातही होती. "तुम्ही हसत होता ना?" एवढंच ती म्हणाली.

पैशांच्या बाबतीत मात्र मी तिथे रमलो. दुकानात नोट हातात देत नाहीत, छोट्या तबकात ठेवतात. परत येणारे पैसेही तुमच्यासमोर मोजून तबकातच. दहा हजार येनच्या नोटेवर 2024 सालापासून शिबुसावा एइइची आहेत. जपानची पहिली आधुनिक बँक 1873 साली काढणारे गृहस्थ! बँकवाल्याचा फोटो नोटेवर! ती नोट मोडताना मला प्रत्येक वेळी वरिष्ठांची परवानगी घ्यावीशी वाटे.

आणि पाच येनचं नाणं. पितळी, मधे भोक. देवापुढे टाकायला तेच शुभ, कारण 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि 'गो-एन' म्हणजे ऋणानुबंधही. देव आपलेच निघाले. सरस्वती तिथे 'बेंझाइतेन' झाली आहे, आणि आसाकुसाजवळच्या एका टेकाडावर 'शोतेन' या नावाने साक्षात गणपती. मूर्ती झाकलेली असते. नैवेद्य मोदकाचा नव्हे, पांढऱ्याशुभ्र मुळ्याचा. देवळात जिकडेतिकडे दोन खुणा कोरलेल्या: जुडीचे मुळे आणि पैशांची थैली. सौ.ने पाच येन टाकले, एक मुळा विकत घेऊन वाहिला, आणि बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "घरी सांगू नका हं. सासूबाई म्हणतील, गणपतीला मुळा?"

क्योतोत फुशिमी इनारीच्या डोंगरावर हजारो लाल कमानी आहेत, एकीला एक चिकटून. चढताना भक्ती दाटून येते. उतरताना प्रत्येक कमानीच्या पाठीमागे काळी अक्षरं दिसतात: देणगीदाराचं नाव आणि तारीख. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं आणि ते वाचायला पंखा बंद करावा लागतो. त्यांनी निदान उतरणाऱ्याची सोय पाहिली आहे. इनारी हा देव भाताचा आणि धंद्याचा. दोन्ही खाती एकाकडेच!

आणि निन्नाजीच्या देवळात 'ओमुरो' चेरी. बुटकी झाडं, फुलं हाताच्या उंचीवर, आणि बाकीच्या चेरी झडू लागल्यावर निवांत फुलणारी. "मार्च एंडिंगवाली दिसतात," मी म्हणालो. सौ. इतकी हसली की फोटो काढणाऱ्या दोन म्हाताऱ्या जपानी बायकाही वळून हसल्या. नारा इथली हरणं बिस्किटासाठी मान लववून नमस्कार करतात आणि बिस्किट संपलं की शर्ट ओढतात. कर्जखात्यात मी अशी बरीच पाहिली आहेत.

मग हिरोशिमा.

तिथल्या संग्रहालयात काय पाहायचं हे सौ.च्या वहीत लिहिलेलं नव्हतं. ते पान तिने कोरंच सोडलं होतं. आम्ही निःशब्द चालत होतो आणि एका जागी मी थांबलो. दगडी पायऱ्या होत्या. सुमितोमो बँकेच्या हिरोशिमा शाखेच्या पायऱ्या. 6 ऑगस्ट 1945, सकाळचे सव्वाआठ. बँक उघडायची होती, आणि उघडण्याची वाट पाहत कुणीतरी त्या पायरीवर बसलं होतं. बॉम्ब फुटला तो दोनशेसाठ मीटरवर. त्या उष्णतेने भोवतालचा दगड पांढुरका पडला. माणूस बसला होता तेवढी जागा काळसर राहिली. पायऱ्या कापून इथे आणून ठेवल्या आहेत.

मी बावीस वर्षं बँकेत आहे. आमच्या शाखेचं शटर दहाला वर जातं आणि नऊपासून पायरीवर कुणीतरी बसलेलं असतं. पासबुक पिशवीत, पिशवी मांडीवर. त्या दगडाकडे पाहताना मला बॉम्ब दिसेना. पासबुक दिसत होतं.

गावात बँक ऑफ जपानची जुनी इमारत अजून उभी आहे. स्फोटाच्या जागेपासून तीनशेऐंशी मीटर. भक्कम बांधणीची होती म्हणून टिकली. आणि 8 ऑगस्टला, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, तिथे कामकाज सुरू झालं. ज्या बँकांच्या इमारती उरल्या नव्हत्या त्यांनाही तिथेच जागा दिली. त्या सकाळी कोणता कारकून कुठल्या घरातून उठून, कसल्या रस्त्याने तिथवर चालत आला असेल, याचा हिशेब मला लागेना. लागणारही नाही.

संध्याकाळी आम्ही नदीकाठी बसलो. झाडांना पालवी फुटली होती. पाकळ्या पाण्याच्या कडेने साचल्या होत्या. सौ.ने पिशवीतली पिशवी पसरली, तीवर ओनिगिरी आणि चटणीची शेवटची पुडी मांडली. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे पायरीवर कोण बसतं हो सकाळी?"

मी सांगायला लागलो. एक आजोबा, निवृत्त पोस्टमन. बाकी काढायची नसते, फक्त पासबुक भरून घ्यायचं असतं. एक भाजीवाली, सही शिकून आली तेव्हा तिने काउंटरवर सगळ्यांना कोथिंबिरीची जुडी वाटली होती. एक मास्तर, बायको जाऊन आठ वर्षं झाली तरी जॉइंट खात्यातून तिचं नाव काढू देत नाहीत. सौ. चटणी खायची विसरली. "हे कधी सांगितलं नाहीत ते?" म्हणाली. मी म्हटलं, "सिलिंडरचं चाललं होतं ना."

हॉटेलवर परतल्यावरही मी बोलतच होतो. दोन हजार तीन सालच्या हिशेबात न जुळलेल्या सत्तावीस रुपयांपर्यंत पोचलो, तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. शेवटी तिनेच दिवा मालवला.

"अहो, झोपा आता. ते सत्तावीस रुपये उद्या गाडीत."